रेडिअल की नायलॉन? एका तक्त्याची चिकित्सा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात वाहनांवरचा एक तरी तक्ता असतो. पुठ्ठ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘रेडिअल टायर’, उजवीकडे ‘नायलॉन टायर’ आणि खाली फायद्या-तोट्यांच्या ओळी. रेडिअलमुळे इंधन वाचते, रेडिअल जास्त किलोमीटर चालतो, रेडिअलची पकड चांगली. नायलॉन स्वस्त, नायलॉनची बगल दणकट, नायलॉन लवकर तापतो. वर्तमानपत्रांच्या मोटार-पुरवण्यांत हाच तक्ता अधिक सुबक छपाईत भेटतो आणि टायरच्या दुकानात तो तोंडी ऐकायला मिळतो. त्यातील एकही ओळ खोटी नाही. तरीही हा तक्ता विज्ञान शिकवत नाही, आणि त्याच्या भरवशावर कोणी जुन्या मोटारीचे टायर निवडले तर तो माणूस अडचणीत येऊ शकतो, असे आमचे म्हणणे आहे. एका ओळखीच्या गाडीच्या आधारे ते तपासून पाहू.

ठाण्याच्या नौपाडा भागात, गोखले रस्ता, राम मारुती रस्ता, घंटाळी या परिसरात, जुन्या इमारती जाऊन नव्या उभ्या राहण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे. तरी एखाद्या आवारात कापडी खोळीखाली एखादी मोटार अजून उभी असते, आणि खोळ उचलली की आतून फियाट किंवा पद्मिनी निघण्याचा संभव बराच असतो. ही गाडी तशी शेजारचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून फियाट ११००-डी, मग काही काळ ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ अशी तिची नावे बदलली, मूळ घराणे एकच राहिले. त्या घराण्याचा आराखडा इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११०० चा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. खासगी गाड्या मात्र काही घरांनी जिवापाड जपल्या आहेत.

या गाड्यांना आता कायद्यानेही वेगळे स्थान मिळू लागले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, व्यावसायिक वापरात नसलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. १९७४ सालच्या पहिल्या पद्मिनींनी २०२४ साली ही पन्नाशी गाठली. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत, असे हा नियम सांगतो. त्या यादीत टायर नाहीत. म्हणजे टायर कोणता घ्यायचा, हा निर्णय मालकावर सोडलेला आहे, आणि मालकाच्या हाती असतो तो वरचा तक्ता.

आधी नावाचे पाहू. ज्याला आपल्याकडे बाजारात ‘नायलॉन टायर’ म्हणतात, त्याला इंग्रजीत बायस प्लाय किंवा क्रॉस प्लाय म्हणतात. बाजारातील नाव दोऱ्याच्या जातीवरून पडलेले आहे आणि तेथेच गैरसमजाला सुरुवात होते. पूर्वी याच बांधणीच्या टायरमध्ये सुती दोरा असे, नंतर रेयॉन आला, मग नायलॉन. उलट, कितीतरी रेडिअल टायरांच्या पोलादी पट्ट्यावरही नायलॉनचा थर असतो. फरक दोरा कशाचा आहे यात नसून तो कोणत्या दिशेने घातला आहे यात आहे.

ही दिशा समजावून सांगायला शिंप्याकडचा एक शब्द फार उपयोगी पडतो: उरेब. कापड ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणले जात नाही. कोपरा धरून तिरपे ओढले की लगेच लांबते आणि मधे निमुळते होते. म्हणून गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात, ती वळणावर नीट बसते. रुमाल घेऊन वर्गात हे अर्ध्या मिनिटात दाखवता येते. नायलॉन टायर म्हणजे उरेब कापलेल्या थरांचा टायर. दोऱ्यांचे थर चाकाच्या परिघाशी साधारण तीस ते चाळीस अंशांचा कोन करून एका कडेच्या तारेपासून दुसऱ्या कडेच्या तारेपर्यंत जातात. एक थर डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे, असे ते एकमेकांना छेदतात. टायरची बगल आणि रस्त्याला टेकणारा भाग दोन्ही त्याच थरांचे बनलेले असल्यामुळे बगल वाकली की वरचा भागही वेडावाकडा होतो.

रेडिअलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, परिघाशी काटकोनात जातात. बाजूने पाहिले तर चक्राच्या आऱ्यांसारखे. नुसत्या अशा थराचा टायर डळमळीत झाला असता, म्हणून रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली परिघाभोवती एक ताठ पट्टा असतो, बहुतेक वेळा पोलादी तारांचा. येथे कामाची वाटणी झाली. लवचीकपणाचे काम बगलेकडे, ताठपणाचे काम पट्ट्याकडे. मिशलॅं या फ्रेंच कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि १९४९ पासून असे टायर विकायला काढले. भारतात जे. के. टायरने १९७७ साली रेडिअल टायर बनवायला सुरुवात केली. पहिल्या पद्मिनी रस्त्यावर आल्या त्यानंतर तीन वर्षांनी.

विद्यार्थ्यांना उरेब बांधणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर फार लांब जायला नको. शाळेच्या सायकलतळावरील बहुतेक सायकलींचे टायर याच बांधणीचे असतात. झिजलेल्या टायरचे रबर निघाले की तिरपे दोरे उघडे पडतात. स्कूटरच्या टायरवर ९०/१००-१० असा आकडा दिसला तर त्यातील आडवी रेघ उरेब बांधणीची खूण आहे. रेडिअल असता तर तिच्या जागी ‘आर’ हे रोमन अक्षर आले असते.

आता तक्त्याच्या ओळी घेऊ. पहिली ओळ इंधनाची. टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग दर फेरीला दबतो आणि पुन्हा उभारतो. दाबताना रबराला दिलेली सगळी ऊर्जा उभारताना परत मिळत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. उरेब थर एकमेकांवर कातरीसारखे हलतात, म्हणून त्यांत हा अपव्यय जास्त. रेडिअलमध्ये तो बराच कमी. हे सर्व बरोबर. आता आपल्या खोळीखालच्या गाडीचा हिशेब करू. समजा ती वर्षात ५०० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. वर्षाचे पेट्रोल झाले सुमारे ४२ लिटर. टायर फिरवण्यात त्यातील पाचवा भाग जातो असे धरू, आणि रेडिअलमुळे त्या पाचव्या भागातील चतुर्थांश वाचतो असे उदारपणे मानू. वाचले किती? विसावा भाग, म्हणजे वर्षाला दोन लिटर! टॅक्सीच्या बाबतीत हीच ओळ निर्णायक होती, कारण टॅक्सी तेवढे अंतर काही दिवसांत कापत असे. ओळ तीच, पण वर्षाचे किलोमीटर बदलले की तिची किंमत शून्याजवळ येते, आणि तक्त्यात किलोमीटरचा रकाना नसतो.

दुसरी ओळ आयुष्याची. रेडिअल जास्त किलोमीटर चालतो, कारण ताठ पट्ट्यामुळे टेकणारा भाग रस्त्यावर कमी घासला जातो. पण वर्षाला ५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून मरत नाही, वयाने मरतो. हवेतील ओझोन रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि बगलेवर बारीक भेगा पडतात. त्यावर उपाय म्हणून रबरात मेणासारखे आणि इतर काही पदार्थ मिसळतात. टायर चालताना वाकतो-उभारतो तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागाकडे येऊन संरक्षक थर देतात. उभ्या गाडीच्या टायरला हा व्यायामच होत नाही. त्यामुळे जपून ठेवलेल्या गाडीचे, खाचा अगदी नव्यासारख्या दिसणारे टायर प्रत्यक्षात धोकादायक असू शकतात. हे दोन्ही बांधणींना लागू आहे. टायरच्या बगलेवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या गाडीचा टायर घेताना हा शिक्का वाचणे ही पहिली गोष्ट. आमच्या पाहण्यात आलेल्या तक्त्यांत त्याचा कोठेच उल्लेख नव्हता.

उभ्या गाडीचा आणखी एक त्रास मात्र खास नायलॉनचा. गरम झालेला नायलॉन दोरा भाराखाली थंड झाला की ज्या आकारात होता तो आकार धरून ठेवतो. रात्रभर, मग आठवडाभर एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला खालच्या बाजूने चपटेपणा येतो आणि निघाल्यावर पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते. टायर तापला की बहुतेक वेळा हे जाते.

तिसरी ओळ पकडीची, आणि शिक्षकांच्या दृष्टीने आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘रेडिअल रस्त्याला जास्त जागेवर टेकतो म्हणून त्याची पकड जास्त’ असे तक्ता सांगतो. त्याच शाळेत भौतिकशास्त्राचे पुस्तक सांगते की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. एखाद्या चौकस मुलीने दोन्ही शेजारी ठेवून विचारले, तर तिला ‘टायरचे वेगळे असते’ एवढे सांगून गप्प करणे बरे नाही.

आधी क्षेत्रफळ मोजू. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो. चार माणसे आणि सामान धरून १२०० म्हणू. प्रत्येक चाकावर ३०० किलो. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला १.७ किलो (पेट्रोल पंपावरच्या भाषेत ‘चोवीस’) असेल तर टेकणारी जागा ३०० भागिले १.७, म्हणजे सुमारे १७६ चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी. भार आणि दाब तेच असतील तर कोणत्याही बांधणीच्या टायरला साधारण एवढीच जागा मिळणार. साधारण म्हणण्याचे कारण असे की ताठ बगल थोडा भार स्वतःही उचलते. हे शाळेतल्या स्कूटरवर तपासता येते. चाक कागदावर उभे करा, कडेने रांगोळी भुरभुरवा, चाक काढून कोरी राहिलेली जागा चौकटीच्या कागदावर मोजा. दाब कमी करून पुन्हा मोजा. दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार दर वेळी तंतोतंत सारखा येत नाही. जो फरक येतो त्यात बगलेचा वाटा असतो. (प्रयोग संपल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नये.)

मग रेडिअलची पकड येते कोठून? पुस्तकातला नियम कठीण, कोरड्या पृष्ठभागांसाठी ठीक आहे. रबर मऊ आहे. ते रस्त्याच्या खाचखळग्यांत शिरते, पण भार वाढवत नेला की शिरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून थोडी कमी वाढते. समजण्यासाठी काही आकडे घेऊ: १०० किलो भाराला ९० किलो पकड, २०० ला १७०, ३०० ला २४०. आता ४०० किलो भार दोन जागी सारखा वाटला तर पकड १७० अधिक १७०, म्हणजे ३४०. तोच भार १०० आणि ३०० असा विषम वाटला तर ९० अधिक २४०, म्हणजे ३३०. भार तेवढाच, पण पकड घटली. वळणावर नायलॉन टायरचा टेकणारा भाग बगलेबरोबर पिळवटतो, एक कडा जास्त दाबली जाते, दुसरी उचलू पाहते. रेडिअलचा पट्टा सपाट राहतो आणि भार सारखा वाटला जातो. रेडिअलची पकड जास्त जागेमुळे नसून जागेच्या समान वाटणीमुळे आहे. तक्त्याचा निष्कर्ष बरोबर, दिलेले कारण चुकीचे. विज्ञान शिक्षणात चुकीच्या उत्तरापेक्षा ही स्थिती अधिक त्रासदायक असते, कारण ती तपासायला कोणी जात नाही.

तक्ता मुळातून कोठे फसतो, ते आता सांगता येईल. वळताना चालक चाक ज्या दिशेला फिरवतो, त्याच दिशेला चाक जात नाही. रबर पिळवटल्यामुळे प्रत्यक्ष वाट थोडी बाहेरून जाते. या दोन दिशांमधल्या कोनाला आपण सरक-कोन म्हणू. तेवढाच बाजूचा जोर मिळवायला रेडिअलला लहान सरक-कोन पुरतो, नायलॉनला मोठा लागतो. रेडिअल चटकन ‘धरतो’. नायलॉन आधी सरकू लागतो, चालकाला जाणीव देतो, आणि हळूहळू सुटतो. मोटारीचा आराखडा करणारा अभियंता कमानी, स्प्रिंगा, चाकांचा तिरपेपणा, स्टिअरिंगची जोडणी हे सारे अशा एका ठरावीक वागणुकीच्या टायरला धरून बसवतो. १९५३ सालच्या त्या आराखड्यापुढे उरेब टायर होते. अमेरिकेत १९७० च्या दशकात रेडिअल आले तेव्हा पाँटिअ‍ॅकसारख्या कंपनीने ‘रेडिअलसाठी जुळवलेले सस्पेन्शन’ अशी जाहिरातच केली होती. टायर बदलला की गाडीचीही फेरजुळणी करावी लागते, याची ती कबुली होती.

पद्मिनीला रेडिअल घातल्यावर काय जाणवते, ते यावरून समजते. वेगात गाडी सरळ रेषेत अधिक शांत चालते. सिमेंटच्या सांध्यांवर किंवा लांब खाचेवर नायलॉन टायर जसा बाजूला ओढला जातो तसा रेडिअल जात नाही. मुंबईत १९६४ सालच्या मार्चअखेर ट्राम बंद झाली. त्याआधी रुळांवरून मोटार नेताना होणारी ओढाताण हा उरेब टायरचाच गुण होता. पण वळणावर टायर अधिक जोराने धरतो, म्हणून मऊ स्प्रिंगांवरची बॉडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. ताठ पट्टा बारीक धक्के कमी वेगात थेट वर पाठवतो, म्हणून नौपाड्याच्या पेव्हर ब्लॉकच्या गल्लीतून ताशी वीसने जाताना गाडी आधीपेक्षा खडखडीत वाटते. आणि मदतनीस यंत्रणा नसलेले स्टिअरिंग, गाडी उभी करताना, दंडाला अधिक काम देते. तक्त्यातला ‘आरामदायी’ हा शब्द कोणत्या वेगाला लागू आहे, ते त्यात लिहिलेले नसते.

रिमचाही विचार करावा लागतो. जास्त बाजूचा जोर म्हणजे रिमच्या वाटीवर आणि तिच्या जोडावर जास्त ताण. पन्नास वर्षांची, आतून गंजलेली रिम हा ताण सोसेल का, हे टायर उतरवून, घासून, तडे शोधून पाहावे लागते. जुन्या रिमवर ट्यूब घालावीच लागली तर ती रेडिअलसाठी बनवलेली हवी, कारण आतील बगल जास्त हलते आणि साधी ट्यूब घासली जाते.

आता समोरचा पक्ष. काही जुन्या मोटारींचे शौकीन म्हणतात, ‘गाडी ज्या टायरवर कारखान्यातून निघाली तोच योग्य.’ या मताचा आम्हाला आदर आहे, कारण ते निदान गाडीकडे पाहून बोलतात. पण ‘मूळ’ हा शब्द येथे तपासला पाहिजे. आज मिळणारा उरेब टायर १९७० च्या दशकातल्या टायरची हुबेहूब नक्कल नसतो; रबराचे मिश्रण, दोरा, साचा सारे बदललेले असते. आणि गाडी मूळ असली तरी रस्ता मूळ राहिलेला नाही. तीन हात नाक्यावरून पूर्व द्रुतगती मार्गाला लागताना पावसात पुढची मोटार डिस्क ब्रेक आणि एबीएसच्या बळावर जेथे थांबते, तेथे चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या पद्मिनीला थांबायचे असते. ओल्या रस्त्यावरची पकड त्या क्षणी शौकाचा विषय राहत नाही.

ट्रकवाल्यांनी मात्र हा वाद स्वतःच्या पद्धतीने सोडवला होता. मोटारी रेडिअलकडे वळल्यावरही आपल्याकडचे ट्रक कित्येक वर्षे नायलॉनवरच चालले. त्याला मागासलेपणा म्हणणारे लेख आम्ही वाचले आहेत. जादा भार, दगडगोट्यांनी कापली जाणारी बगल, पुन्हा-पुन्हा रबर चढवण्याची सोय, हे सारे जमेला धरले तर त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता. रस्ते सुधारले, तसे तेही बदलले.

मापाचा घोळ स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण चुका येथेच जास्त होतात. पद्मिनीचे मूळ माप ५.२०-१४. टायर ५.२ इंच, म्हणजे १३२ मिलिमीटर रुंद. रिम १४ इंची, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. जुन्या मापांत उंची रुंदीच्या जवळपास असे. पंचाण्णव टक्के धरली तर १२५ मिलिमीटर, आणि पूर्ण व्यास ३५५.६ अधिक दोनदा १२५, म्हणजे सुमारे ६०६. नव्या पद्धतीत १५५/८० आर १४ असे लिहिले की रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचांत! तीन एकके एका मापात. गणिताच्या परीक्षकालाही असे सुचणार नाही. याचा व्यास येतो ३५५.६ अधिक दोनदा १२४, म्हणजे ६०४. जवळपास मूळ. आता कोणी ‘चौदा इंची आहे ना, मग चालेल’ म्हणून १५५/६५ आर १४ बसवला तर? व्यास ५५७, म्हणजे आठ टक्के लहान. काटा ५० दाखवील तेव्हा गाडी ४६ ने जात असेल, किलोमीटरचा आकडा फुगेल, आणि गाडीचे पोट जमिनीच्या अडीच सेंटिमीटर जवळ येईल. गतिरोधकांच्या देशात हे अडीच सेंटिमीटर लहान नाहीत. या दोन रेडिअलांमधला फरक कित्येक बाबतींत रेडिअल आणि नायलॉन यांच्यातील फरकापेक्षा मोठा ठरतो, पण तक्त्यात दोघांना एकच रकाना.

आमचे मत विचाराल तर, अधूनमधून का होईना पण खरोखर रस्त्यावर चालणाऱ्या पद्मिनीला अरुंद, उंच बगलेचा, मूळ व्यासाशी जुळणारा रेडिअल घालावा. रिम तपासून, ट्यूब योग्य निवडून. त्या काळच्या युरोपीय मोटारींना साठच्या दशकातच रेडिअल बसू लागले होते, त्यामुळे या वयाच्या आराखड्याला तो अगदी परका नाही. १९२०-३० च्या गाड्यांचे मात्र वेगळे. तारांच्या आऱ्यांची चाके, त्या काळचे ताठ आस आणि अरुंद रिम यांना रेडिअलचा जोर झेपेलच असे धरून चालू नये. त्यांना उरेब टायरच द्यावा आणि वेग आवरावा. केवळ प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला कोणताही चालेल, शिक्का ताजा असला म्हणजे झाले. हवेबद्दल एक सूचना: रेडिअलची बगल योग्य दाबावरही फुगीर दिसते. ‘हवा कमी वाटते’ म्हणून ती नजरेने भरू नये, मोजून भरावी.

राहिला सर्वांत गंभीर मुद्दा, मिसळीचा. चार टायर एकदम घेणे परवडत नाही, म्हणून मालक दोनच रेडिअल घेतो आणि ‘स्टिअरिंग पुढे आहे’ म्हणून ते पुढे बसवतो. सरक-कोन आठवून पाहा. पुढची चाके लहान कोनात चटकन धरतात. मागच्या नायलॉनला तेवढाच जोर द्यायला मोठा कोन लागतो, म्हणजे गाडीची शेपटी बाहेर जाऊ लागते. ओल्या वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि सामान्य चालकाला ते सावरता येत नाही. उलट जोडीत, पुढे नायलॉन आणि मागे रेडिअल असताना, गाडी वळायला नाखूश होते. चालक घाबरून वेग कमी करतो आणि बहुधा निभावते. ब्रिटनमध्ये एकाच आसावर दोन जातींचे टायर, किंवा पुढे रेडिअल आणि मागे उरेब, या दोन्ही गोष्टींना कायद्याने बंदी आहे. एकच टायर घेतला तर ‘चांगला’ ठरणारा रेडिअल, दोन घेऊन पुढे लावले तर घातक ठरतो. गुण एकट्या टायरचा असता तर असे झाले नसते.

आणि चारही टायर बदलले तरी पाचवा राहतोच. डिकीतल्या स्टेपनीवर बहुधा जुना नायलॉन तसाच असतो, कारण तो ‘वापरलेलाच नाही’. पावसात पंक्चर झाले की तो एका बाजूला चढतो, दुसऱ्या बाजूला रेडिअल, आणि वर सांगितलेली मिसळ त्याच आसावर तयार होते, तीही सर्वांत म्हाताऱ्या रबराची. टायर विकत घेताना पाच घ्यावेत. तेवढे जमत नसेल तर स्टेपनीवर ‘फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, ताशी तीस’ असे खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.